शालनबाईच्या मेसमधल्या सोयाबीनच्या वड्या

"मावशी, तुमच्या वड्यांनीच माझा घात केला!" भैरू ताटावरून उठून ओरडला. चाकणला आमच्या खोलीला लागूनच शालनबाईची मेस. भिंत एकच, म्हणून कान न लावताही सगळं ऐकू यायचं. सहा वर्षं झाली असतील त्याला.

"काय केलं रे वड्यांनी?"

तिथंच जेवणारा सनी हसत म्हणाला, "मोबाईलवर दाखवलंय मावशी. सोयाबीनमध्ये बायकांचं काहीतरी असतं. गड्यानं खाल्लं की गडी नासतो."

"चार वर्षं झाली लग्नाला," भैरू म्हणाला, "घरात लेकरू न्हाई. आई रोज फोनवर रडती. अन् मी तीन वर्षं इथंच जेवतोय."

शालनबाई औशाकडची. नवरा गेल्यावर कंपनीतल्या पोरांना जेवू घालून पोट भरायची. सोमवारी-गुरुवारी पोरं मटण खायची नाहीत, तेव्हा वड्यांचा रस्सा. तिची स्वतःची पाळी गेलेली, गॅसपुढं अंगातून वाफा निघायच्या. त्या दाखवायला दवाखान्यात गेली, तेव्हा डॉक्टरबाईंना वड्यांचंही विचारून आली.

"बाईच्या अंगात असतं तसलं काहीतरी त्यात असतं म्हणं, पण लई फिकं," तिनं मला सांगितलं. "जेवणातल्या चार वड्यांनी गड्याचं काही बिघडत न्हाई. लेकरू होईना तर दोघांनी तपासून घ्यावं."

"आणि तुझ्या वाफा?"

"वड्या खाऊन काही बायांना उतार पडतो म्हणं, काहींना न्हाई. मी उतार न पडणाऱ्यांतली."

"मग सांग की सगळ्यांना, डॉक्टरबाई काय म्हणाल्या ते."

"सांगितलं. सनी म्हणला, मग लेकरू का होईना? आता काय बोलू? भैरूची बायको नेहा तिकडं औशाला, हा इथं. ओव्हरटाइम बुडतो म्हणून वर्षातून दोनदा गावी जातो, चार-चार दिवस. वडीनं काय करावं?"

मला हसू आलं. ती हसली नाही. "हे सगळ्यांपुढं बोलले तर मेस वाचंल माझी. पण पोरगा मान वर करून चालायचा न्हाई."

नाहीच बोलली. भैरूला एकट्याला गाठून म्हणाली, "खोली कर, तिला इकडं आण." तो रागावून गेला तो गेलाच, जाताना निम्मी पोरं घेऊन गेला. तिनं वड्या बंद केल्या, तरी वडीवाली मेस हे नाव काही सुटलं नाही. पुढं भैरूनं मोशीत खोली केली, नेहाला आणलं. लेकरू झालं का, मला ठाऊक नाही. शालनबाईनं कधी विचारलं नाही.

पोरं एकेक करून गळाली, तिचे गुडघेही गेले. या आषाढात तिनं मेस बंद केली. उरलेल्या चौघांना आठ दिवस आधी सांगून ठेवलं होतं.

शेवटच्या दिवशी भिंतीला धरून उठली, बटाट्याची भाजी केली, चपात्या लाटल्या. चौघांचे डबे भरून सेकंड शिफ्टच्या जेवणाला कंपनीच्या गेटावर पोचली. पिशवी वॉचमनकडे दिली, कालचे रिकामे डबे घेतले.

"मीठ जरा कमी पडलंय भाजीत," म्हणाली, "सांगा त्यांना."