दोन वाजता टेबल सोडणारा जावई

तुमचे बाबा आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा मी त्यांचे कान बघत बसले होते. दोन्ही कान कणकेचा गोळा मुठीत दाबून सोडावा तसे चुरगळलेले होते. नाक एकदा मोडून पुन्हा बसवलेलं. अंगात मात्र करड्या रंगाचा नीट सूट. दोन्ही हातांनी त्यांनी मला व्हिजिटिंग कार्ड दिलं. एका बाजूला जपानी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. यंत्रं बनवणारी मोठी कंपनी, खरेदी विभाग. मी कार्ड वाचलं, मग कान बघितले, पुन्हा कार्ड वाचलं. खरेदी विभागात माणसाचे कान असे होत नाहीत.

ही २००२ सालच्या शरद ऋतूतली गोष्ट. जर्सी सिटीत तुमच्या मामाच्या बाविसाव्या मजल्यावरच्या घरात मी राहत होते, तुमची आईही तिथेच राहून रोज मॅनहॅटनला कामाला जायची. ती एकतीस वर्षांची होती. तिने मला आधीच सांगितलं होतं, "आई, तू हो म्हणालीस तरच लग्न. पण प्लीज, इंटरव्ह्यू घेऊ नकोस."

म्हणजे इंटरव्ह्यू घेण्यासारखं काहीतरी होतं.

जेवताना उलगडा झाला. ते कंपनीच्या संघात रग्बी खेळत. खांद्याचं ऑपरेशन झाल्यामुळे वर्षभर खेळता येणार नव्हतं, म्हणून कंपनीने त्यांना न्यूयॉर्कच्या ऑफिसात पाठवलं होतं. जपानमध्ये सकाळपासून टेबलावर काम आणि दुपारी दोन वाजता उठून मैदानावर. पगार कंपनीचा, पूर्ण.

"म्हणजे तुम्ही खेळाडू की कारकून?" मी विचारलं.

"आई!" तुमची आई म्हणाली.

तुमच्या बाबांनी चमचा खाली ठेवला. "कंपनीचा नोकर," ते म्हणाले. "जो खेळतो."

"लोक बघायला येतात?"

"बेसबॉलला येतात. या उन्हाळ्यात वर्ल्ड कप झाला, तेव्हापासून फुटबॉलला फार येतात. रग्बीत आमच्या विद्यापीठांच्या सामन्यांना पूर्वी स्टेडियम भरायचं. कंपन्यांच्या सामन्यांना आमच्याच कंपनीचे लोक येतात. त्यांना दारात झेंडे वाटतात."

उत्तर प्रामाणिक होतं, आणि त्यामुळेच माझा संशय वाढला. ज्या खेळाला स्वतःची माणसं झेंडे देऊन बसवावी लागतात, त्या खेळासाठी एखादी कंपनी माणूस कशाला पोसते? आणि हौस संपली की त्या माणसाचं काय करते?

हा प्रश्न मला पडण्याचं कारण तुम्हाला सांगायला हवं. मी पुण्यात बँकेत तेहतीस वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची बारा आयात-निर्यात विभागात. आमच्याकडे खेळाडूंच्या कोट्यातून लागलेला एक हॉकीपटू होता. सकाळी मस्टरवर सही करायचा आणि मैदानावर जायचा. बँक जिंकली की पेढे वाटायचा. आम्ही त्याचं काम वाटून घ्यायचो आणि पेढे खायचो. पस्तिसाव्या वर्षी त्याचा गुडघा गेला आणि तो माझ्या विभागात येऊन बसला. त्याला व्हाउचर पास करता येत नव्हतं. बावीस वर्षांच्या पोरी त्याला शिकवायच्या आणि पाठ फिरली की हसायच्या. नोकरी त्याची कुणी काढली नाही. माझ्या निवृत्तीपर्यंत तो रोज साडेपाचपर्यंत वर्तमानपत्र वाचत बसला. मला भीती होती ती त्या खुर्चीची.

तळघरातल्या लाँड्रीत नागपूरच्या एक वहिनी भेटायच्या. त्यांचा मुलगा सॉफ्टवेअरमध्ये होता आणि आमच्याच इमारतीत सातव्या मजल्यावर राहायचा.

"जपानी तर जपानी," त्या म्हणाल्या. "करतो काय पण?"

"सकाळी फायली बघतो आणि दुपारी चेंडू घेऊन पळतो."

"अन् लोक?"

"लोक त्याच्या अंगावर पडतात."

वहिनींनी ड्रायरचं दार लावलं. "मग काय वाईट आहे? आमचा तर दिवसभर खुर्चीतच बसतो, अन् तिथंही कंबर गेलीच."

पुढच्या रविवारी मी इंटरव्ह्यू घेतलाच. तुमची आई आंघोळीला गेली होती. मी बाबांना विचारलं, "माल जहाजावर चढल्याची तारीख बँकेच्या हमीपत्रात दिलेल्या शेवटच्या तारखेच्या नंतरची निघाली, तर तुम्ही काय कराल?" खरेदी विभागातल्या माणसाला हे झोपेत आलं पाहिजे.

त्यांनी विचार केला. मग म्हणाले, "ते काम माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाई करतात, मॅडम. ते कागद दुपारी येतात. मी दोनला निघतो."

(मला काय म्हणायचं असं त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं होतं. मॅडम चालेल, असं मी म्हटलं होतं.)

मी तुमच्या आईला त्या संध्याकाळी सांगितलं, "माणूस चांगला आहे. पण माझं हो नाही." तीन दिवस ती माझ्याशी फक्त भाजीबद्दल बोलली.

त्यानंतरच्या रविवारी बाबा पुन्हा आले. हातात वही आणि दोन पेन्सिली. "मला शिकवा," ते म्हणाले.

इथे दुसरी आजी विरघळली असती. मला वाटलं, हा तुमच्या आईचा सल्ला. आईला शाळा भरवून द्या, आई खूश. तरी मी शिकवलं. अख्खा हिवाळा रविवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर आमचा वर्ग असायचा. खिडकीखाली हडसन नदी, तिच्यात बर्फाचे तुकडे. मी प्रश्न फिरवून विचारायचे. आज विचारलेलं दोन आठवड्यांनी दुसऱ्या शब्दांत विचारायचे, पाठांतर पकडावं म्हणून. ते पाठ करत नव्हते असं दिसलं, तर मला वाटे की ऑफिसातून कुणीतरी लिहून देत असणार.

फेब्रुवारीत मी कागदांचा एक पूर्ण संच स्वतः तयार केला. बिल, जहाजाची पावती, विमा, पॅकिंगची यादी. त्यात मुद्दाम पाच चुका पेरल्या. तुमच्या बाबांना माझ्यासमोर बसवलं, मोबाइल काढून घेतला आणि घड्याळ लावलं.

"आई, हे टू मच आहे," तुमची आई म्हणाली.

"तू चहा कर."

चाळीस मिनिटांनी त्यांनी यादी दिली. सहा चुका. मी म्हटलं, पाच आहेत. त्यांनी विम्याच्या कागदावर पेन्सिल ठेवली. विमा माल चढल्यानंतरच्या दिवसापासूनचा होता. ती चूक मी पेरली नव्हती. ती माझी होती. तेहतीस वर्षं नोकरी करून.

तुमची आई चहा घेऊन आली आणि आमची तोंडं बघून परत आत गेली.

त्या आठवड्यात लाँड्रीत मी वहिनींना म्हटलं, "मी हो म्हणणार आहे." त्या म्हणाल्या, "मग म्हणा की!" पण मी घरी बोलले नाही. वाटलं, अजून थोडं बघू. बघायचं काय राहिलं होतं ते मला आजही सांगता येणार नाही.

एप्रिलमध्ये बाबा जपानला परत गेले. जपानमध्ये कंपन्यांच्या संघांची देशभरची नवी लीग त्या वर्षी सुरू व्हायची होती, आणि सगळ्या कंपन्यांना एकदम चांगले खेळाडू हवे झाले होते. जूनमध्ये त्यांचा फोन आला. तुमच्या आईने तो स्पीकरवर टाकला. कंपनी त्यांना प्रोफेशनल करार देत होती. नोकरीचा राजीनामा द्यायचा, मग एका वर्षाचा करार, पुढचं पुढच्या वर्षी. सकाळचं टेबल बंद. दिवसभर फक्त रग्बी. असे करार बहुतेक परदेशी खेळाडूंनाच मिळत. त्यांच्या संघातल्या दोनच जपान्यांना विचारलं होतं.

"आई, तो तुला विचारतोय," तुमची आई म्हणाली.

मला का, हा माझा पहिला विचार. लहानपणापासून बॉल घेऊन धावणारा माणूस निवृत्त बँकबाईला का विचारतो? उत्तर मला ठाऊक होतं. माझं हो घरात अजून कुणी ऐकलं नव्हतं.

मी म्हटलं, "खेळ संपल्यावर टेबल परत देऊ, असं लिहून देतील का ते विचारा."

आठवड्याने फोन आला. "विचारलं, मॅडम. ते हसले."

"मग नको," मी म्हटलं.

ते म्हणाले, "बरं." इतकंच. मी तुमच्या आईकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. दोन दिवसांनी मी तिला माझं हो सांगितलं आणि डिसेंबरात लग्न झालं.

बाकीचं तुम्हाला माहीत आहे. बाबा नोकर म्हणूनच खेळत राहिले, २००७ साली गुडघा गेला, आणि आता ते आयातीच्या कागदांचा अख्खा विभाग सांभाळतात. तिथे त्यांना कुणी हसत नाही. माझं बरोबर ठरलं असं तुमचा मामा म्हणतो.

२००८ च्या उन्हाळ्यात तुम्ही सगळे जर्सी सिटीला आलात. तू तीन वर्षांची होतीस, धाकटा नुकता चालायला लागला होता. तुम्ही दोघं दुपारी झोपला होतात. बाबा माझ्या कॉम्प्युटरवर जुन्या संघाचा एक सामना बघत होते. आवाज बंद ठेवला होता. मी मागे उभी राहिले.

"हा कोण?" एका खेळाडूवर बोट ठेवून मी विचारलं.

"त्या वर्षी करार मिळालेला दुसरा," ते म्हणाले. "अजून खेळतो."

सामना संपल्यावर त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "मॅडम, एक विचारू? मी तेव्हा सही केली असती तर तुम्ही लग्नाला नाही म्हणाला असतात?"

पाच वर्षं त्यांनी हा प्रश्न सांभाळून ठेवला होता. आणि त्यांचा चेहरा बघून मला कळलं की मी काय उत्तर द्यायला हवं. खरं तर सही केली असती तरी मी हो म्हणाले असते. फेब्रुवारीतच मी वहिनींना तसं सांगून बसले होते. म्हणजे त्यांनी करार सोडला तो काही कारण नसताना.

"हो," मी म्हटलं. "नाहीच म्हणाले असते."

त्यांनी मान हलवली, दोनदा, हळूहळू. "मग बरोबर केलं," ते म्हणाले, आणि तुम्हाला उठवायला आत गेले.

आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या उत्तरांवर संशय घेतला. त्यांनी माझ्या उत्तरावर घेतला की नाही, हे मला कळलं नाही. तुम्ही त्यांच्याजवळ राहता. हे त्यांना वाचून दाखवायचं की नाही, ते तुम्हीच ठरवा.