सातव्या वर्षाचे दात

कवळीबाईंनी कामाची खोली आवरायला काढली. एकतीस वर्षं त्या इथे कवळ्या करत होत्या. पुढे दातांचा दवाखाना, मागे ही खोली, मधल्या भिंतीत एक लहानशी खिडकी. डॉक्टर त्या खिडकीतून रुग्णांच्या दातांचे ठसे आत सरकवायचे. काही दिवसांनी बाई तिथूनच कवळ्या बाहेर सरकवायच्या. आता डोळे साथ देत नव्हते.

बाईंना माणसं दातांवरून ओळखू यायची. नावं मात्र रामभरोसे. दोरा तोंडाने तोडणारा शिंपी. एकाच बाजूने चावणाऱ्या शाळेतल्या बाई. समोरचे वकील झोपेत दात खातात, हे त्यांच्या बायकोआधी कवळीबाईंना कळलं होतं.

मदतीला लेक आली होती. कडेवर आठ महिन्यांची पोर. मदत कसली, लेक प्रत्येक डबा उघडून त्यात रमत होती. मेणाचा वास आला की तिला शाळेतून आल्यासारखं वाटायचं. दप्तर त्या कोपऱ्यात, ती टेबलाखाली, आणि वर आईचे हात.

“आई, हे अजून ठेवलेत तू?”

वरच्या फळीवर प्लॅस्टरचे लहान लहान जबडे ओळीने होते. तिच्याच दातांचे. चौथ्या वर्षापासून सोळाव्यापर्यंत, दर वाढदिवसाला बाई तिला मेणाची पट्टी चावायला द्यायच्या आणि त्या ठशात प्लॅस्टर ओतायच्या. इतर पोरींचे फोटो निघत. हिचे जबडे निघत.

लेकीने बोट ठेवून मोजले. “चार, पाच, सहा, आठ. सात कुठे गेला?”

बाई फडकं झटकत राहिल्या.

हाच प्रश्न नको होता. निदान आज तरी नको होता. लेक पुलांचे आराखडे काढणाऱ्या कचेरीत होती. रजा संपत आली होती. सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर राजीनामा द्यायचा. राजीनाम्याचा कागद लिहून पर्समध्ये तयार होता, बाईंनी तो पाहिला होता. पोरीला दिवसभर सांभाळायचं बाईंनी कबूल केलं होतं. तरी लेकीचा पाय निघत नव्हता. त्यात ही हकिकत कळली, तर तो कागद सोमवारी कचेरीत पोचणार, याबद्दल बाईंना शंका नव्हती.

“फुटला असेल,” त्या म्हणाल्या.

“तू फेकलास. मला ठाऊक आहे.”

“मी?”

“त्या वाढदिवसाला तुला वेळ नव्हता. मग मीच दुपारी पट्टी चावून तुझ्या कामाच्या ताटात ठेवली. दुसऱ्या दिवशी ताट रिकामं. विचारायची हिंमत झाली नाही.”

बाई स्टुलावर बसल्या. इतकी वर्षं पोरगी हे मनात धरून होती. म्हणजे आता सांगणं भाग होतं.

“फेकला नाही गं. ओळखला नाही.”

त्या वर्षी मोठ्या इस्पितळाचं काम अंगावर घेतलं होतं. लेकीच्या वडिलांची नोकरी फिरतीची, घरात दुसरं कोणी नाही. बाईंच्या हाताला उसंत नव्हती. ताटात एक ठसा दिसला. इवलासा, पुढचे दोन दात नाहीत. बाईंना वाटलं, कोणी म्हातारी असावी, हाड झिजलेलं. त्यांनी चिठ्ठी लिहिली : ठसा नीट नाही, रुग्णाला पुन्हा बोलवा. आणि चिठ्ठीसकट ठसा खिडकीतून बाहेर सरकवला.

संध्याकाळी चिठ्ठी परत आली. खाली डॉक्टरांचं अक्षर : बाई, हा रुग्ण तुमच्याच घरी जेवतो.

“डॉक्टर हसून हसून बेजार. ठसा त्यांनी रस्त्याकडच्या खिडकीत ठेवला होता. दुपारच्या उन्हात मेण पार वितळून बसलं. मी तुझ्याकडे दुसरा मागू कुठल्या तोंडाने? तुझे पुढचे दात पडलेत, हेच मला माहीत नव्हतं.”

पोर लेकीच्या गळ्यातली साखळी चघळत होती.

“म्हातारी?” लेक म्हणाली.

“सत्तरीची तरी.”

लेक हसली. मग तिचे डोळे भरले. मग पुन्हा हसली. “मी इतकी वर्षं समजत होते, तुला तो आवडला नाही.”

जाताना ती दारात थांबली. “सोमवारी जाते मी. पण एक सांगते. हिचा पहिला दात मी नसताना आला, तर मला सांगायचं नाही. मी शोधणार.”

“नाही सांगणार.”

बुधवारी सकाळी अकराला बाई नातीला भात भरवत होत्या. चमचा कशाला तरी लागला. टिक्. तो आवाज त्यांना कोणी समजावून सांगायला नको होता. त्यांनी बोट घालून पाहिलं. खालचा, डावीकडचा, कणीएवढा. हात फोनकडे गेला. तिथूनच परत आला.

सहाला लेक आली. चप्पल काढली, हात धुतले, पोरीला घेतलं. बाई ओट्याशी पाठ करून उभ्या राहिल्या. एकच पातेलं त्या कितीतरी वेळ घासत होत्या.

“आई! आई, इकडे ये! दात!”

“काय सांगतेस!” बाई ओल्या हातांनी धावत आल्या. चष्मा लावला, वाकून पाहिलं. “अगं खरंच की!”

“दिवसभर तुझ्या मांडीवर होती, आणि तुला दिसला नाही? तुला?”

“डोळे गेले गं माझे.”

लेकीने आईकडे नीट पाहिलं. मग दोघी आळीपाळीने त्या तोंडात बोट घालत राहिल्या, आणि ते तोंड दोघींना सारखंच चावत राहिलं.