नानांची लय

आमच्या सोसायटीच्या भजनी मंडळात नाना टाळ वाजवतात. बँकेतून निवृत्त झालेला हा अबोल माणूस लिफ्टमध्येसुद्धा दुसऱ्याला आधी जाऊ देतो. पण हातात टाळ आले की त्यांचे डोळे मिटतात आणि लय वाढू लागते.

परवा सुमनकाकू खूप दिवस बसवलेला अभंग सावकाश, जीव ओतून म्हणत होत्या. दुसऱ्या कडव्याला नानांनी वेग घेतला. त्यांच्यामागे तबला धावला, तबल्यामागे पेटी आणि सगळ्यांच्या मागे आम्ही टाळ्या वाजवणारे. मी का धावतोय हे मला कळत नव्हतं, पण थांबावंसंही वाटत नव्हतं. प्रचारसभेत, देवळात, रणांगणावर, नाटकाच्या तालमीत असंच होत असणार. एकाच्या अंगात येतं आणि बाकीच्यांना वाटतं, हे आपल्याच आतून आलं.

शेवटी काकूंचा दम संपला. एकेक करत सगळे थांबले. नाना मात्र वाजवतच राहिले आणि मग शांतता जाणवून त्यांनी डोळे उघडले.

"साक्षात विठ्ठल आला होता हो!" ते गहिवरून म्हणाले.

"आला होता," काकू धापा टाकत म्हणाल्या, "तुमच्या वेगाला घाबरून परत गेला."

नाना ओशाळले. टाळ सतरंजीवर ठेवत पुटपुटले, "यापुढे मी नुसता ऐकत बसेन."

काकूंनी पदराने घाम पुसला, घोटभर पाणी घेतलं आणि टाळ उचलून नानांच्या हातात दिले.

"नुसतं बसून कसं चालेल? पुन्हा सुरुवातीपासून घ्या. फक्त या खेपेला पळायच्या आधी मला सांगा, म्हणजे मीही पदर खोचून बसते."