पट्टीवर नाव न्हाई

आमच्या मालकांचं नाव उदयसिंह. पण शिराळ्यात त्या नावानं विचारलंत तर कुणी घर दावणार न्हाई. पट्टीवाल्याचं घर म्हणा, बारकं पोर बी दारात आणून सोडंल. केबलवर गावचा एक चॅनल हुता, त्यावर सरकत जायची ती पट्टी आमची. सुरवातीला तिच्यावर काय न्हवतं ते विचारा! नागपंचमीच्या मिरवणुकीचा रस्ता, नव्या दुकानाचं उद्घाटन, हरवलेली म्हैस, दहावीला पहिल्या आलेल्या पोरीचं अभिनंदन. आणि रोज सांजच्याला सातला मयताची पट्टी. कोण गेलं, रक्षाविसर्जन कवा, कुठल्या घाटावर.

मागनं सगळ्यांच्या हातात फोन आलं. दुकानं, म्हशी, पोरीबाळी सगळी तिकडं गेली. आमच्याकडं ऱ्हायली ती मेलेली माणसं. मी मालकांना म्हणायची, "आवं, तुमच्या पट्टीवर जित्ता माणूस कवा येणार?" तर म्हणायचं, "आज ना उद्या सगळीच येत्यात की माझ्याकडं." असलं बोलणं. ऐकून माझा जीव कावायचा.

ज्या दिवशी कुणी गेलं न्हाई त्या दिवशी हे पट्टी मोकळी ठेवायचं. नुसता काळा पडदा. बाया चहा टाकता टाकता टीव्हीकडं बघायच्या, काळं दिसलं की म्हणायच्या, चला, आज कुणी न्हाई, आणि पुढच्या कामाला लागायच्या.

ही पट्टी ज्याच्यातनं निघायची ते मशीन म्हंजे माझी सवत. अमिगा तिचं नाव. कराडच्या एका लग्नाच्या कॅसेटीवाल्याचं हुतं ते, त्यानं धंदा मोडला तवा ह्यांनी उचललं. कीबोर्डच्याच पोटात सगळा कॉम्प्युटर. आतलं चालवणारं सगळं येगळंच, जगात चालतं ते विंडोज न्हाई. आमचा भाचा ऋषिराज कराडला इंजिनिअरिंगला हाय, तो त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतो. त्या सिस्टिमला मराठी यायचं न्हाई. मग ह्यांनी एकेक अक्षर ठिपक्या-ठिपक्यानं चितारलं. आमचं लगीन तवा नवं. मी ताट वाढून बसायची आणि हे ळ-चं पोट नीट करत बसायचं. एवढं करून तो ळ वाकडाच ऱ्हायला. गावाला तसाच पाठ झाला.

रोज सातला पट्टी बदलायची म्हंजे बदलायचीच. त्या पायी आमी दोघं मिळून कुठं मुक्कामाला गेलो न्हाई. लेक अपेक्षा खंडाळ्याला दिली. नातवाचा पहिला वाढदिवस झाला तर मी एकटी एसटीत बसून गेले. हे म्हणालं, "मागं कुणी गेलं तर?"

"रोज उठून कुणी मरतंय व्हय?"

"मग कुठल्या दिवशी मरणार न्हाई तेवढं सांग. त्या दिवशी येतो."

कपाळ माझं!

बाजारादिवशी आमच्या कट्ट्यावर दोन म्हातारी येऊन बसायची. नदीपल्याडच्या गावचं लालासाहेबदादा आणि हितल्याच बौद्धवस्तीतलं धोंडिरामतात्या. साखर कारखान्याच्या बॉयलरवर दोघांनी एका पाळीत उभा जन्म काढलेला. त्या आवाजानं दोघं बी ठार बहिरी झालेली. तात्यांची बायको गेलेली, पोरगा प्रशांत पुण्याला. फोन कानाला लावून उपयोग न्हाई म्हणून घरात फोनच न्हाई. दोघं कट्ट्यावर बसायची, माझा चहा प्यायची आणि एक शब्द बोलायची न्हाईत. मी एकदा खुणा करून विचारलं, बोलत का न्हाई? तात्या हसून म्हणालं, "सगळं बोलून झालं गं बॉयलरवर. आता नुसतं बघायचं."

गेल्या उन्हाळ्यात केबल कंपनीचा माणूस आला. जयराज म्हणून, बोलायला गोड. म्हणाला, "काका, आमची नवीन पेटी बसतीया. तिच्यात तुमच्या ह्या जुन्या डब्याचं चित्र घेत न्हाई. नवीन कॉम्प्युटर लावा, न्हाईतर गावचा चॅनल बंद करूया."

ऋषिराज त्यावेळी घरातच हुता. त्याला लय पुळका. "मामा, सोडू नका. परदेशात हौशी माणसं ही सिस्टिम अजून चालवत्यात. तिची नवी आवृत्ती बी काढत्यात. मी लॅपटॉपच्या आत आख्खी अमिगा चालवून दावतो तुमाला. भविष्य हाय तिला."

मालक पंख्याशेजारी बसलं हुतं. मशीन तापून बंद पडायचं म्हणून तो पंखा मशीनला, आमाला न्हाई. घाम पुसत म्हणालं, "परदेशातल्यांचं असू दे रं. शिराळ्यात कुणाला लागती का ती, ते सांग." ऋषिराज म्हणाला, "ते म्हाईत न्हाई, मामा." "मलाबी म्हाईत न्हाई," हे म्हणालं. "दमलो आता. बंद करतो. एक तरी माणूस विचारत आला तर समजीन की कुणीतरी बघत हुतं."

आणि केलं बंद. मी खुशीत मशीन जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकलं. ऋषिराज कॉलेजात मांडायला नेणार हुता.

पण सात वाजलं की हे फोनपाशी जाऊन बसायचं. उचलायचं, बघायचं, ठेवायचं. एक फोन आला न्हाई. रस्त्यात माणसं भेटायची, पावसाचं बोलायची, उसाचं बोलायची. पट्टी का दिसंना म्हणून कुणी हटकलं न्हाई. आमच्या शेजारणीला तर बंद झालेलं ठाऊकच न्हवतं! मला आनंद व्हायला पायजे हुता, आणि झाला बी, खोटं का बोला. पण ह्यांचं तोंड बघवंना. अख्ख्या हयातीची चाकरी, आणि ती सुटल्याचं कुणाच्या ध्यानात बी येऊ नये? माझाच राग राग झाला गावावर.

मग मी म्हणलं, आता तरी चला खंडाळ्याला. गेलो. नातू ह्यांच्या अंगाखांद्यावर नाचला. तिथं असतानाच गावच्या व्हॉट्सॲपवर आलं, लालासाहेबदादा गेलं. ह्यांनी ते मला वाचून दावलं. "देवमाणूस हुता," म्हणालं. त्या ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. ती मला दावून म्हणालं, "बघ, पट्टीबिगर बी कळतंय की सगळ्यांना. उगंच जीव जाळला मी."

परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी बाजार हुता. मी कट्टा झाडत हुते. बघते तर धोंडिरामतात्या. आपल्या जाग्यावर बसलेलं, शेजारची जागा मोकळी ठिवून.

मालक बाहेर आलं, हात जोडून म्हणालं, "जयभीम तात्या." तात्यांनी हात जोडलं आणि बहिरी माणसं बोलत्यात तसं मोठ्यानं म्हणालं, "गाव सोडून गेल्तासा व्हय? मागच्या बाजाराला बी आलो हुतो. लालासाहेब न्हाई आला. आज बी दिसंना. म्हणलं आजारी असंल."

आमी दोघं एकमेकांकडं बघाय लागलो.

"पट्टीवर नाव न्हाई, म्हंजे बरा हाय," तात्या म्हणालं. "रोज सातला बघतोय मी. पडदा काळाच असतोय. लय दिवस झालं, कुणी जाईना बघा गावात. चांगलं हाय."

मी झाडू भिंतीला टेकवला. लालासाहेबदादांच्या पोरांनी भावकीला कळवलं असंल, पावण्यारावळ्यांना कळवलं असंल. तात्या ना भावकीतलं ना पावण्यातलं. त्यांना कोण कळवणार? आणि हे एकटं घरात बसून बंद पडलेल्या चॅनलकडं बघत हुतं, कुणी मेलं न्हाई म्हणून बरं वाटून घेत हुतं!

मी जवळ गेले. "तात्या, लालासाहेबदादा—" म्हणलं.

"आँ?" त्यांनी कानामागं हात धरला.

आता मोठ्यानं म्हंजे किती मोठ्यानं? भर बाजारात, कांद्याच्या ढिगापाशी उभं राहून, जिवलग माणूस मेला म्हणून बोंबलायचं? मी मालकांना म्हणलं, कागदावर लिहून द्या. तर हे म्हणालं, "नगं. त्यांनी पट्टीवर इश्वास ठेवला हुता." आणि शिडी लावली माळ्याला.

चादर सोडली. जुना टीव्ही ओढून खिडकीत मांडला, तोंड कट्ट्याकडं करून. बटण दाबलं तर नुसतं पांढरं. फ्लॉपी आत घातली, ती खटखटली आणि गप झाली. परत काढली, सदऱ्याला पुसली, परत घातली. त्या मशीनला मी आयुष्यभर शिव्या घातल्या, पण त्या वक्ताला मनात म्हणलं, बाई, एवढी लाज राख. तुझ्या पाया पडते. आणि काय सांगू, फ्लॉपी फिरायला लागली. निळा पडदा आला, कडंला ह्यांनी चितारलेली समई आली. हे बोटानं एकेक अक्षर दाबत गेलं.

मग खिडकीत पट्टी सरकली. "कै. लालासाहेब बापू मोहिते यांचे दुःखद निधन. रक्षाविसर्जन उद्या सकाळी आठ वाजता, मोरणा घाट."

तात्या उठून खिडकीपाशी आलं. बोट वर धरून वाचलं. पट्टी संपून परत आली, परत वाचलं. 'सकाळी'मधल्या वाकड्या ळ-वर बोट थांबलं. मग सदऱ्यानं डोळं पुसलं आणि म्हणालं, "उद्या हाय व्हय? मग गाठतो मी."

मी ह्यांच्याकडं बघितलं. रक्षाविसर्जन हुऊन आठवडा लोटला हुता. दर मयताला तीच ओळ टाकायची सवय, त्या सवयीनं उमटली का जाणून टाकली, ते मी आजवर विचारलं न्हाई. त्यांनी बी माझ्याकडं बघितलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमी दोघं घाटावर. तात्या आमच्या आधी आलेलं, पांढरं धोतर-सदरा घालून, हातात झेंडूची फुलं. घाटावर चिटपाखरू न्हाई. ना भटजी, ना भावकी, ना राख. तात्यांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. खुळं न्हवतं ते. समजायचं ते समजलं. मग मालकांच्या खांद्यावर हात ठेवला, पाण्यात उतरलं आणि फुलं सोडली. "लालासाहेबा," म्हणालं, "उशीर झाला रं गड्या." आमी दोघांनी बी हात जोडलं. मी रडले, चांगली हमसून रडले. मालक रडलं न्हाईत, परत येताना माझा हात तेवढा धरून पायऱ्या चढलं.

वर आल्यावर तात्या म्हणालं, "ते मशीन मोडीत घालू नगं, उदयसिंह. माझं नाव लाव पट्टीवर, मग घाल." हे नुसतं मान हलवून हो म्हणालं.

रविवारी ऋषिराज मशीन न्यायला आला. हे म्हणालं, "ऱ्हाऊ दे. अजून भविष्य हाय तिला."

"किती, मामा?"

"तात्यांची तब्येत बरी हाय."

आता कंपनी न्हाई, चॅनल न्हाई. खिडकीतला टीव्ही तेवढा. व्हॉट्सॲपवर नाव आलं की हे मशीनमध्ये टाकत्यात. सातला तात्या चालत येत्यात, उभ्यानं वाचत्यात, जात्यात. बघणारा माणूस एक. पंखा परत मशीनला गेलाय आणि मी परत घाम पुसत बसलीया. फ्लॉपी एकच धड उरलीया. ऋषिराज म्हणतो, कवा बी जाईल.

दिवाळीला अपेक्षाचा फोन आला, नातू बोलाय लागलाय, बघाय या. मी ह्यांच्या तोंडाकडं बघितलं. मला वाटलं, संपलं, परत एकटीनं एसटी. हे उठून मशीनपाशी गेलं. सात वाजता खिडकीत पट्टी सरकली, ती मी कट्ट्यावरनं वाचली. "धोंडिरामतात्या, आमी उद्या खंडाळ्याला चाललोय. चार दिवसांनी परत येतो." गावात फोन आल्यापासनं त्या पट्टीवर जित्त्या माणसाचं नाव मी पयल्यांदा बघितलं.

तात्यांनी बोट धरून सावकाश वाचलं. परत वाचलं. मग आमच्याकडं वळून मोठ्यानं म्हणालं, "या जाऊन. मी हाय."