वरच्या मजल्याचं भाडं

घर भाड्याने दिलं की भाडं वेळेवर येईलच असं नाही, किस्से मात्र न मागता येतात. आमच्या म्हैसूरच्या मराठी मित्रमंडळींत घरमालक पाच-सहा, पण किस्से सगळे माझेच. कारण बाकीच्यांना भाडं मागता येतं!

जयलक्ष्मीपुरममध्ये मी कर्ज काढून घर बांधलं. खाली मी आणि माझी बायको वैशाली, वर भाडेकरू. एक तारखेला भाडं येणार, पाच तारखेला बँकेचा हप्ता जाणार, असा माझा सरळ हिशेब. वर जगन्नाथराव आले. घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, पण घरात मराठी. "आपलाच माणूस," म्हणून मी खूश! मग हेब्बाळच्या त्यांच्या कारखान्यात काम कमी झालं आणि भाडं थांबलं.

*

पहिल्या महिन्यात मी तावातावाने वर गेलो. दारातच जगन्नाथराव म्हणाले, "बन्नी सर, बन्नी! या की! स्वल्प कॉफी घ्या." तासाभराने खाली आलो.

वैशालीने विचारलं, "दिलं का?"

"दिलं ना. डबाभर कोडबळी दिली. आपल्या कडबोळ्यांसारखीच."

"आणि भाडं?"

"विषयच निघाला नाही गं!"

आठवड्याने डबा परत करायचा होता. रिकामा कसा द्यायचा? वैशालीने बेसनाचे लाडू भरून दिले. म्हणजे भाडं नाहीच, वर आमचंच तूप गेलं.

*

मग ठरवलं, मेसेज करायचा. "दोन महिन्यांचं भाडं राहिलंय" असं टाइप केलं. फार कडक वाटलं. "जमल्यास" घातलं. मग सगळंच खोडलं आणि फुलाचं चित्र टाकून "शुभ सकाळ" पाठवलं.

लगेच उत्तर आलं. दोन फुलं!

*

आमच्या मित्रमंडळींतले कुलकर्णी म्हणाले, "अरे, पाणी बंद कर. दोन तासांत पैसे घेऊन खाली येतो की नाही बघ!"

हे चूक आहे हे कळत होतं, पण हप्ता तोंडावर आला होता. गच्चीवर गेलो, दोन व्हॉल्व्ह दिसले, एक फिरवला. दहा मिनिटांत आमच्याच बाथरूममधून वैशाली ओरडली, "अहो, डोक्याला शाम्पू लावलाय आणि पाणी गेलं!"

जगन्नाथराव खरंच खाली आले. दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या! मग गच्चीवर जाऊन व्हॉल्व्हही उघडून आले. "कोणीतरी बंद केला होता सर. पोरं असतील."

"हो ना," मी म्हणालो, "फार वाह्यात झालीत हल्ली." एवढी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

*

शेवटी वकील गाठला. रजिस्टर पोस्टाने नोटीस गेली. पोस्टमन आला तेव्हा जगन्नाथराव घरी नव्हते. पत्ता एकच, तेव्हा सवयीने सही करून मीच घेतली! उघडून वाचली तर इतकी कडक की मलाच घाम फुटला.

वैशाली म्हणाली, "मग? पंधरा दिवसांत घर खाली करताय ना?"

*

पाच महिने झाले. हप्त्यासाठी वैशालीची एफडी मोडली, तेव्हा मात्र ठरवलं की आता बास! आरशासमोर तीनदा प्रॅक्टिस केली, वर गेलो आणि एका दमात बोललो, "जगन्नाथराव, माफ करा, पण तुम्ही आता घर सोडा."

त्यांचा चेहरा उतरला. "बरोबर आहे सर. तुम्ही तरी किती दिवस सोसणार? रविवारी सोडतो."

मला वाईटही वाटलं आणि सुटल्यासारखंही वाटलं. मी जिना उतरायला लागलो, तर मागून हळूच आवाज आला, "सर, ते अ‍ॅडव्हान्सचं तेवढं..."

म्हैसूरमध्ये जुनी रीत, घर देताना दहा महिन्यांचं भाडं अ‍ॅडव्हान्स घ्यायचं आणि घर सोडताना परत करायचं. पाच महिन्यांचं वळतं केलं तरी पाच महिन्यांचं मीच त्यांना देणं लागत होतो. आणि त्या पैशांचं आम्ही कधीच मॉड्युलर किचन केलं होतं!

मी पायरीवरच बसलो. "जगन्नाथराव, थोडी मुदत मिळेल का? आत्ता माझ्याकडे खरंच नाहीत हो."

ते शेजारी येऊन बसले. माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अय्यो, परवागिल्ला सर! काही घाई नाही. सावकाश द्या. तोवर आम्ही इथेच राहतो."