राणीची पाठ

क्रिसोफोरो मारिचेच्या तोंडाला सान अलेहो गावात कोणी लागत नसे. खाडीकाठच्या वाड्यांपासून हमरस्त्यापर्यंत तो पिकअप चालवायचा. मागे बाकांवर माणसं, पायांत बोकडं, माशांच्या पाट्या. एखादा उतरून जरा पुढे गेला की क्रिसोफोरो त्याची नक्कल सुरू करायचा आणि उरलेले हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडायचे. आपलंही उतरायचं ठिकाण जवळ येतंय, हे हसताना कोणाच्या ध्यानात नसायचं.

पण त्याचा खरा थाट नोव्हेंबरात, पितरांच्या सणाला. तेव्हा गावातून सैतानांचा नाच निघतो. शिंगांचे, घोड्याच्या केसांच्या दाढ्यांचे मुखवटे चढवलेले बाप्ये कमरेत वाकून पाय आपटतात, गाढवाच्या जबड्याचं हाड खुळखुळतं आणि त्यांच्यातून मिंगा धावते. मिंगा म्हणजे म्होरक्या सैतानाची बायको. उशीएवढी छाती, त्याहून मोठं ढुंगण, गुलाबी मुखवटा, हातात चाबूक आणि काखोटीला प्लास्टिकचं गोरंगोमटं बाळ. मिंगा होतो तो पुरुषच, आणि नेरेइदा जन्मायच्या आधीपासून तो पुरुष म्हणजे तिचा बाप क्रिसोफोरो. मिंगाने ज्याच्या हातात ते बाळ कोंबलं आणि "घे रे, तुझंच आहे, नाक बघ" म्हटलं, त्याने सगळ्या सैतानांना मेस्कालची दारू पाजायची. तोवर बाळ खाली ठेवायचं नाही. पाद्रीबाबासुद्धा सुटले नव्हते. त्या दिवशी मिंगाला अडवायची कोणाची छाती नाही.

नेरेइदाने बापाचा गळा घेतला होता आणि आईचा राग. खाडीत ती मगरीसारखी पोहायची, बाजारात मासे विकताना भांडायची, आणि एर्मिला बाईंचं पुस्तक तिला तोंडपाठ होतं. एर्मिला बाई गावातल्याच शाळेत शिकवून, तिथेच म्हाताऱ्या होऊन वारल्या. एक जाडजूड कादंबरी मागे ठेवून गेल्या. फुटलेल्या गलबतातून पोहत आलेली माणसं, पाण्याखालचं त्यांचं राज्य, आणि त्या राज्याची राणी. राणी खारफुटीच्या बुंध्यासारखी काळी होती, हे पुस्तकाचं पहिलंच वाक्य. बाई ते वाक्य वर्गात मोठ्याने म्हणायला लावायच्या, आणि घरी आजीच्या पावडरीने तोंड पांढरं करून आलेल्या पोरींना दोनदा.

या पुस्तकावर राजधानीतली मंडळी मालिका काढायला आली, तेव्हा पात्रं निवडणाऱ्या हिमेना बाईसाहेबांनी शाळेच्या अंगणात सगळ्यांना जमवलं. बाईसाहेबांना प्रत्येक वाक्याआधी डोळे मिटून छातीवर हात ठेवायची सवय. आम्ही सांगायला नाही, ऐकायला आलोय, म्हणाल्या. आम्हाला अस्सल हवंय, म्हणाल्या. नेरेइदाने पहिलं पान म्हटलं तर डोळे मिटलेलेच ठेवून त्यांनी हुंदका दिला. क्रिसोफोरोने तो हुंदका त्याच संध्याकाळी गाडीत देऊन दाखवला, पण त्यात नेहमीचं विष नव्हतं. पोरगी राणी होणार असं गावाने धरलंच होतं. तिच्याकडून मासे घेताना बायका भाव करेनाशा झाल्या.

मग राजधानीतून लोरेन्सा आली. नाजूक, भुरी, उन्हाने नाक सोललेली. तीच राणी. रोज सकाळी तिला दोन छटा काळी करायला एक माणूस लेप घेऊन बसायचा, आणि दुपारपर्यंत तो लेप मानेवरून ओघळायचा. बाकी गावाला काम मिळालं, नाही असं नाही. दलदलीतली भुतं. रबराचे मुखवटे, आत घामाचा वास, डोळ्यांच्या जागी दोन भोकं. जाहिरातीत मात्र ठळक छापलं की या मालिकेतले बहुतेक कलाकार याच किनाऱ्याचे. खोटं नव्हतं ते. रबराखाली सगळे किनाऱ्याचेच होते.

नेरेइदा जाब विचारायला गेली. बाईसाहेबांनी डोळे मिटले. छातीवर हात गेला.

"चूक तुझ्यात नाही गं, राणी. लोक अजून तयार नाहीत."

आणि तिला पाठ दिली. लोरेन्साला पाण्याची धडकी होती, तेव्हा राणी खाडीत पोहताना पाठमोरी नेरेइदा दिसणार होती. वळायचं नाही, एवढी एकच अट. नेरेइदाने होकार दिला.

बाप भडकला. त्याने जेवणाचं ताट सरकवलं आणि बाईसाहेबांच्या आवाजात राणीच्या पाठीचं असं काही वर्णन केलं की बायको ओदिलियाने त्याच्यावर पळी उगारली. ज्यांनी तुझं तोंड नाकारलं त्यांना पाठ दाखवायची ती अशी नसते, असं तो पुढे बोलतच राहिला.

नेरेइदा माशाचा काटा काढत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही बाप्या असून मिंगा होता ते चालतं. मग त्या लोरेन्साने राणी का होऊ नये?"

"मुखवट्याखाली मी आहे हे अख्ख्या गावाला माहीत असतं."

"तिच्या लेपाखाली ती आहे हेही माहीत असेल."

यावर क्रिसोफोरोला काही सुचलं नाही. असं तोवर कधी झालं नव्हतं, आणि ते त्याने पोरीला माफ केलं नाही. दुसऱ्या दिवसापासून गाडी थांबली की तो तिचीच नक्कल करू लागला: पाठमोरा उभा राहून, मान वळू न देता, माशांचा भाव सांगणारी राणी. लोक हसले. नेरेइदा मागच्या बाकावरच बसलेली होती. ती मधल्याच थांब्यावर उतरली आणि चालत घरी गेली.

मंडळींनी मोठा घोळ केला तो पुढे. त्यांना खाडीकाठी सैतानांचा नाच हवा होता; नोव्हेंबराच्या पहिल्याच दिवशी नाच आपोआप निघतो हे कळल्यावर त्यांना कोण आनंद झाला. आयतं मिळतंय. त्या दिवशी मिंगा कोणाच्या हुकमात नसते, हे त्यांनी कोणाला विचारलं नाही आणि गावाने सांगितलं नाही.

दुपारी नेरेइदा कमरेएवढ्या पाण्यात कॅमेऱ्याकडे पाठ करून उभी राहिली. काठावर सैतान पाय आपटू लागले. लोरेन्सा छत्रीखाली बसून लेप वाळवत होती. कॅमेरे सुरू झाले आणि मिंगा ओळ मोडून सुटली. आधी तिने हिमेना बाईसाहेबांना गाठलं, ढुंगणाने ढकललं, डोळे मिटले, छातीवर हात ठेवला आणि हुंदका दिला. गाव कोसळलं. बाईसाहेबही हसल्या, अस्सल आहे, चालू द्या, म्हणाल्या. मग मिंगा लोरेन्साकडे धावली, बाळ तिच्या गालाला लावून रंग ताडून पाहिला, तर बाळाच्या गालावर काळा डाग उठला.

"घे गं बाई, तुझंच आहे. नाक बघ, तेही सोललंय."

लोरेन्साने हात मागे घेतले. तिला रडू फुटत होतं, पण लेपामुळे रडताही येईना. बाळ घेत नाही म्हटल्यावर मिंगाने ते खाडीत भिरकावलं आणि ओरडली, "राणे, लेकरू बुडतंय!"

नेरेइदा वळली. बापाच्या हाकेला वळायची तिची लहानपणापासूनची सवय. बाळ झेललं, आणि तिचा भिजलेला, संतापलेला, काळाभोर चेहरा सरळ कॅमेऱ्यात गेला. काठावरचं गाव शिट्या मारत उभं राहिलं. तेवढंच तिचं राणीपण.

तो तुकडा मालिकेत आला नाही. मंडळींनी नेरेइदाला त्याच दिवशी काढलं आणि शेजारच्या गावातून दुसरी पाठ आणली. पुढे शाळेच्या भिंतीवर मालिका दाखवली तेव्हा पोहणाऱ्या राणीला पाहून सान अलेहोत कोणी हूं की चूं केलं नाही. पाठ ओळखीची नव्हती.

नाच झाला त्याच रात्री क्रिसोफोरो लेकीला म्हणाला होता, मी तुझा अपमान धुतला. तिने ओला परकर पिळला.

"तोंड त्यांनी घालवलं होतं. पाठ तुम्ही घालवलीत."

यानंतर वर्षभर ती त्याच्या गाडीत बसली नाही. पाटी डोक्यावर घेऊन हमरस्त्यापर्यंत चालत जायची. तो शेजारून गाडी हळू करायचा, ती शेताकडे बघायची.

पुन्हा नोव्हेंबर आला. क्रिसोफोरोचे गुडघे त्या पावसाळ्यात गेले होते. पाय आपटणं सोडाच, पायरी उतरवेना. मिंगाचा घागरा अंगणात दोरीवर वाळत घातला होता. घागरा कोणाला द्यायचा हे म्हातारी मिंगा, म्हणजे आता क्रिसोफोरोच, ठरवते, आणि गावातली दोन पोरं सकाळपासून कुंपणाशी घोटाळत होती. नेरेइदा आली, तिने घागरा दोरीवरून काढला, कमरेला लावून पाहिला.

"मी होते मिंगा."

एवढ्या दिवसांनी ती त्याच्याशी बोलली होती. क्रिसोफोरोला हो म्हणायचं होतं, निदान नंतर त्याला तसं वाटलं. पण मिंगा बाईने होणं म्हणजे मग गंमत ती काय राहिली, सैतान काय म्हणतील, गाव काय म्हणेल. त्याने तिला जवळ बोलावलं. डोळे मिटले.

"तुझ्यात काही कमी नाही गं, पोरी. लोक अजून तयार नाहीत."

ओदिलिया स्वयंपाकघरातून खो खो हसली. तिला वाटलं, नवरा बाईसाहेबांची नक्कल करतोय. क्रिसोफोरोने डोळे उघडले. स्वतःचा हात छातीवर दिसला तेव्हा त्याने तो पटकन खाली घेतला.

नेरेइदा हसली नाही. खुंटीवरचा गुलाबी मुखवटा तिने घेतला, चाबूक घेतला. मग ते बाळ उचललं, गालावरच्या काळ्या डागासकट, आणि बापाच्या मांडीत कोंबलं.

"घ्या. तुमचंच आहे."

ती घागरा नेसत नेसतच बाहेर पडली. कुंपणापाशी पोरांनी काहीतरी म्हटलं, मग चाबकाचा आवाज आला, मग पळणाऱ्या पायांचा. हाड खुळखुळू लागलं. थोड्या वेळाने चौकातून असा हशा उठला, की क्रिसोफोरोने एवढा हशा दुसऱ्या कोणाच्या नावावर कधी ऐकला नव्हता. तो ओट्यावर बाळ घेऊन बसून राहिला. बाळ खाली ठेवायचं नसतं.