माझ्या हाताला चालणारी स्क्रिप्ट

कॉम्प्युटर मी कुणाकडून शिकले नाही. नॉयडात नवी नवी ऑफिसं उघडत होती, त्यातल्या एकात टायपिंगला लागले आणि नेहरू प्लेसहून आणलेल्या एका जाडजूड पुस्तकाच्या जोरावर हळूहळू तिथला वेब सर्व्हरच माझ्या गळ्यात पडला. पंचेचाळिशीची बाई सर्व्हर सांभाळते, याचं मलाच भारी कौतुक.

मालकांना विचारून त्याच सर्व्हरवर मी आमच्या मराठी मंडळाचं पान ठेवलं होतं. मंडळाच्या पहाडगंजला दोन खोल्या होत्या, महाराष्ट्रातून दिल्लीत उपचाराला येणाऱ्यांसाठी. पानावरचा फॉर्म कुणी भरला, की मी लिहिलेला छोटासा प्रोग्रॅम, म्हणजे माझी स्क्रिप्ट, तो मेल करून सेक्रेटरी काकांना पाठवायची. काका केंद्र सरकारातून निवृत्त, सत्तरीचे, तोंडानं तिखट.

एका सोमवारी त्यांचा फोन आला. जळगावहून एक गृहस्थ बोलले होते म्हणे. मुलीच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. तीनदा फॉर्म भरून उत्तर नाही, म्हणून कुणाकुणाला विचारत त्यांनी काकांचा नंबर शोधला होता.

"अगं, चार दिवस एक मेल नाही," काका म्हणाले. "मला वाटलं, महाराष्ट्रातले सगळे बरे झाले."

त्या गृहस्थांना खोली मिळाली. पण दुसरी खोली रिकामी होती, आणि कुठेतरी कुणीतरी फॉर्म भरून वाट बघत बसलं असणार. माझा जीव थाऱ्यावर राहीना.

मी लगेच स्क्रिप्ट हातानं चालवून पाहिली. मेल सुळ्ळकन गेली! मग ब्राउझरमधून फॉर्म भरला, तर नाही. सर्व्हर आपल्या कामाची जी नोंदवही ठेवतो, तिच्यात चूक लिहिलेली : होस्ट सापडत नाही. म्हणजे काय, तर मेलच्या मशीनचं नाव मी स्क्रिप्टमध्ये लिहिलंय, पण कॉम्प्युटरला नाव कळत नाही, त्याला आकडे लागतात. आपण टेलिफोनच्या चौकशीला नाव सांगून नंबर विचारायचो ना, तसं तो विचारतो, आणि त्याला तिकडून उत्तर येत नव्हतं. अच्छा, पण मी विचारलं की येतं आणि सर्व्हरनं विचारलं की नाही, हे कसं काय?

आदल्याच गुरुवारी आम्ही ऑफिसची इंटरनेटची लाइन बदलली होती, म्हणून आधी नव्या लाइनवाल्यांवर घसरले. "मॅडम, हमारी तरफ से सब ठीक है, रीस्टार्ट कर लीजिए." केलं. तीनदा केलं. स्क्रिप्ट पुसून पुन्हा लिहिली, एकेक अक्षर तपासत. मंगळवार असाच गेला. घरी पोळ्या करपल्या, ह्यांनी विचारलं, "एवढं काय अडलंय?" आणि मी उगाच त्यांच्यावर ओरडले. काकांचा रोज फोन. माझ्या हाताला चालतेय, असं सांगितलं, तर म्हणाले, "मग तूच बस तिथे, प्रत्येकाचा फॉर्म हातानं पाठव."

बुधवारी दुपारी सुचलं. सर्व्हर स्क्रिप्ट माझ्या नावानं चालवत नाही. मी मशीनची मालकीण, तो बिचारा कमी हक्कांच्या दुसऱ्याच नावानं काम करतो. त्याच्या नावानं चालवून बघितलं, तर नावं कुणाला विचारायची हे जिथे लिहिलेलं असतं, ती फाइलच त्याला उघडता येईना. परवानगी नाही.

परवानगी मीच काढून घेतली होती. गुरुवारी त्या फाइलमध्ये नव्या लाइनचे आकडे लिहिले आणि माझ्याशिवाय कुणाला उघडता येणार नाही अशी ती बंद करून टाकली. कुणी सांगितलं होतं? कुणी नाही. आमच्या वस्तीत, नॉयडातल्या सेक्टरात, टेलिफोनच्या डायलला कुलूप, गच्चीतल्या टाकीच्या झाकणाला कुलूप, बाल्कनीतल्या सिलिंडरला साखळी आणि कुलूप. महत्त्वाची वस्तू दिसली, की हात आपोआप किल्लीकडे जायचा. ती फाइल तर सगळ्यांनी वाचायचीच होती, गुपित तिच्यात काही नव्हतंच.

एका ओळीत दुरुस्त झालं. आनंद? छे. नोंदवही उघडून मोजत बसले. माझ्या चाचण्या सोडून त्या सहा दिवसांत अकरा वेळा फॉर्म पाठवला गेला होता. तीन ते जळगावचे. उरले आठ, सगळे वेगवेगळ्या लाइनवरून. वेळ होती, पाठवणाऱ्याच्या लाइनचे आकडे होते, नाव एकही नाही, कारण भरलेला फॉर्म साठवून ठेवायची ओळ मी लिहिलीच नव्हती. मेल जाणारच, असं धरून चालले होते.

काकांना फोन केला.

"आठ," ते म्हणाले. "कुठले?"

"नाही कळत, काका."

"पोस्टानं अर्ज यायचे, तेव्हा निदान अर्ज तरी हातात असायचा," काका म्हणाले.

मी काकांचा नंबर मोठ्या अक्षरात पानावर टाकला आणि ती राहिलेली ओळ लिहिली. पुढे दोन आठवडे प्रत्येक नव्या फॉर्मवाल्याला काका फोन करून विचारत, आधी कधी भरला होता का. दोघं "हो" म्हणाले. बाकी सहाजणांचं काय झालं, कुठे उतरले, आले तरी का, मला आजही ठाऊक नाही.